एक फोन, चार मुलं

बालवाडीच्या बाई आणि अंगणवाडीच्या ताई एकत्र बसल्या आणि विषय ‘डिजिटल’वर आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कुठलं ॲप घेऊ?” त्याच्या मागोमाग दुसरा येतो: “टॅब एकच आहे आणि पोरं पंचवीस, कसं भागवायचं?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर या लेखात मिळणार नाही, कारण 3 ते 8 वर्षांच्या मुलांना ॲपची फारशी गरजच नसते. दुसऱ्याचं मात्र सविस्तर देते. यंत्र एकच आहे याचं वाईट वाटून घेऊ नका. चौघांत मिळून एक फोन दिला, की मुलांना एकमेकांशी बोलावंच लागतं. काय करायचं ते आधी ठरवावं लागतं, आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, दुसऱ्याला काय दिसतंय ते विचारावं लागतं. प्रत्येकाच्या हातात वेगळा टॅब दिला, तर यातलं काहीच करावं लागत नाही. वर्ग शांत होतो खरा, पण ती शांतता आपल्या कामाची नाही. यंत्र हाताळणं आणि मिळून काम करणं या वयात एकाच बैठकीत शिकून होतं, आणि त्यासाठी यंत्रं कमी असलेलीच बरी.

फोन मुलांना कशासाठी द्यायचा, हे आधी पक्कं करा. बघायला नाही, काही करायला द्यायचा. कोल्हापूरकरांना हे निराळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि 1920 साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. परदेशी यंत्र नुसतं वापरण्यावर समाधान न मानता ते उघडून, समजून घेऊन आपलं करणाऱ्यांचं हे गाव. पुढे 1985 साली लीलाताई पाटील यांनी इथेच सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, आणि मूल स्वतःच्या अनुभवातून, परिसरातून, मायबोलीतून शिकतं हे वर्षानुवर्षं करून दाखवलं. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला आजूबाजूला मिळेल त्या साहित्यातून बालशिक्षण उभं केलं. पानं, बिया, माती, शंखशिंपले यांच्या रांगेत आता एक जुना फोन ठेवायचा, इतकीच नवी गोष्ट आहे. त्याची जागा त्या रांगेतच. रांगेच्या पुढे नाही.

सुरुवात फोनशिवाय करा. जून-जुलैचे पहिले काही आठवडे यंत्र कपाटातच राहू द्या आणि ‘केएमटी’चा, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसचा, खेळ घ्या.

फरशीवर खडूने 4 आडव्या आणि 4 उभ्या रांगांची चौकोनी घरं आखा. घर एवढं मोठं हवं, की मूल त्यात दोन्ही पायांनी सुखाने उभं राहील. काही घरांत चित्रं ठेवा: रंकाळा, भवानी मंडप, अंबाबाईचं देऊळ, एसटी स्टँड. गावाकडच्या अंगणवाडीत विहीर, दूध डेअरी, पार, शाळा असं आपल्या गावचं घ्या. एक मूल केएमटी बस होतं. बाकीचे तिघे कार्डं मांडून बसला रस्ता सांगतात. कार्डं तीनच प्रकारची असतात: एक घर पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी बाण पुरतो. डावं-उजवं गोंधळतंच, म्हणून बसच्या उजव्या मनगटाला लाल रिबीन बांधा आणि उजवीकडे वळायच्या बाणालाही लाल रंग द्या. वळ म्हटल्यावर जागच्या जागी वळायचं, पुढे सरकायचं नाही, हे दोन-चार वेळा करून दाखवावं लागतं.

बसचा नियम एकच. तिने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. कार्ड म्हणेल तेवढंच करायचं, समोर भिंत आली तरी. मुलांना हे भयंकर आवडतं. बस रंकाळ्याला जायच्या ऐवजी स्टँडवर पोचते, तेव्हा तिघेही ओरडतात, “बसचं चुकलं!” आता तुम्ही फक्त एवढंच म्हणा: “चला, कार्डं पुन्हा बघू.” बसला पहिल्या घरात आणा, एकेका कार्डावर बोट ठेवत चालवा. तिसऱ्या कार्डाशी कुणीतरी थांबतं. “हितं वळायचं होतं की!” कार्ड बदलतं, बस पोचते. यंत्र सांगितलेलंच करतं, चूक बहुधा सांगण्यात असते आणि ती शोधून दुरुस्त करता येते, या तीन गोष्टी त्या मुलांनी एका खेळात अनुभवल्या. संगणक शिकणारी मोठी माणसं हेच शिकतात. 1960 च्या दशकात सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा बनवली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवरून चालणारं यांत्रिक कासवही आलं. त्यामागचा विचार हाच होता. आपल्याला कासव विकत आणायची गरज नाही, वर्गात हवी तितकी कासवं आहेत.

तीन वर्षांच्या मुलांना वळणं देऊ नका. सरळ रस्ता आणि ‘पुढे, पुढे, थांब’ एवढं त्यांना भरपूर होतं. अंगणवाडी शाळेच्या आवारातच भरत असेल, तर दुसरीतली दोन मुलं आणि अंगणवाडीतली दोन असा गट करून बघा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. ते कागदावर राहू न देण्याची ही सोपी वाट आहे.

आता फोन. घरात पडून असलेला जुना स्मार्टफोन चालतो. पालकांकडून मागून घेतलात, तर आधी त्यातलं सगळं पुसून फोन मूळ स्थितीला आणा. कुणाच्या घरचे फोटो आणि मेसेज वर्गात उघडायला नकोत. सिम काढा, एअरप्लेन मोड लावा. पहिल्या पानावर कॅमेरा, रेकॉर्डर आणि गॅलरी एवढंच राहू द्या. अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ॲप पिन करण्याची सोय असते. ती चालू केली, की कॅमेऱ्यातून मूल दुसरीकडे भरकटत नाही. पाठीमागचं झाकण फुगलेलं दिसलं, तर बॅटरी गेलेली आहे, तो फोन अजिबात घेऊ नका. चार्जिंगला लावलेला फोनही मुलांच्या हाती नको. लेन्सच्या शेजारी एक लाल टिकली चिकटवा: “टिकलीजवळ बोट न्यायचं नाही.” निम्मे काळे फोटो एवढ्याने थांबतात. अंगणवाडी ताईंना पोषण ट्रॅकरच्या नोंदींसाठी मिळालेला फोन मात्र या कामाला काढू नका. त्यात बाळांची वजनं-उंची आणि आयांची माहिती असते.

पहिलं मोठं काम म्हणून मी बेंदूर सुचवते. आषाढात बेंदूर येतो, शाळा सुरू होऊन थोडे दिवस झालेले असतात, मुलं एकमेकांना ओळखू लागलेली असतात आणि मातीचे बैल घरोघरी येतात. ‘आमचा बैल कसा झाला’ ही 5 फोटोंची गोष्ट चौघांनी करायची.

पहिल्या दिवशी फोन काढायचाच नाही. मोठ्या कागदावर 5 चौकोन काढा आणि मुलांना विचारा, पहिल्या फोटोत काय दिसायला हवं? नुसता मातीचा गोळा? मग? कुणी म्हणेल शिंगं, कुणी म्हणेल आधी पाय. वाद होऊ द्या. जे ठरेल ते मुलांनीच रेघोट्यांनी त्या चौकोनात काढायचं. चित्र कळण्यासारखं नसलं तरी काही बिघडत नाही, काढणाऱ्याला ते पाठ असतं. काम करण्याआधी कामाचा नकाशा करायची सवय इथे लागते, आणि फोन हातात आल्यावर भराभरा बटण दाबत सुटण्याला तोच नकाशा आवर घालतो.

दुसऱ्या दिवशी माती. कुंभाराकडची मळलेली माती मिळाली तर उत्तम. पाय वेगळे करून चिकटवले, की माती वाळताना गळून पडतात. म्हणून एकाच गोळ्यातून चार पाय चिमटीने ओढून काढायला शिकवा. वशिंड तसंच, वर चिमटून. शिंगांना खराट्याच्या काड्या चालतात, ओल्या मातीत खोचायच्या. चौघांपैकी दोघे बैल करतात, एक फोटो काढतो, एक जागा दाखवतो. या चार कामांची चित्रकार्डं करून गळ्यात अडकवा: दोघांच्या कार्डावर हात, एकाच्या बोट, एकाच्या डोळा. एक फोटो झाला की कार्डं पुढे सरकतात. हात बोट होतो, बोट डोळा होतो. सगळ्यांना सगळं मिळणार हे कळलं, की ओढाताण निम्म्याने कमी होते.

‘डोळ्या’चं काम सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच शिक्षक विसरतात. त्याने फोनला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं: जवळ ये, खाली बस, थोडं मागं. हे सांगताना मूल दुसऱ्याच्या नजरेतून बघायला लागतं. एका गटात शेपटाचा फोटो ठरलेला होता. मुलीने समोरून फोटो काढला. तिघांनी पडद्यावर डोकी खुपसली.

“शेपूट कुठंय?”

“हाय की मागं.”

“फोटोत कुठंय?”

मुलीने बैलाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, परत बैलाकडे बघितलं. ‘डोळा’ असलेला मुलगा उठून बैलाच्या मागे गेला, तिथे उकिडवा बसला आणि म्हणाला, “हितनं दिसतंय. तू हितं ये.” ती गेली. दोघांनी जागा बदलली आणि शेपूट फोटोत आलं. आपल्याला माहीत आहे ते कॅमेऱ्याला माहीत नसतं आणि जिथून बघू तेवढंच दिसतं, हे शिकायला यापेक्षा चांगला पाठ मला ठाऊक नाही. अशा वेळी आपला हात शिवशिवतो. फोन घ्यावा आणि पटकन नीट फोटो काढून द्यावा असं वाटतं. तेवढं करू नका. हात पाठीमागे बांधून उभ्या राहा.

भांडणं होणारच. “बाई, ह्यानं दोनदा दाबलं की ओ!” ही तक्रार रोजची. निवाडा तुम्ही देऊ नका, गॅलरी उघडा. किती फोटो आहेत, एकासारखे एक दोन आहेत का, मुलांनाच मोजू द्या. पुरावा समोर असला की आवाज आपोआप खाली येतात, आणि यंत्र नोंद ठेवतं ही आणखी एक गोष्ट हाती लागते. बटण खूप वेळ दाबून धरलं म्हणूनही काही फोनवर एकदम फोटोंची रांग निघते. तक्रार झालेला मुलगा निर्दोषही असू शकतो, हे त्याच्या मित्रांना बघू द्या. पुढेपुढे करणाऱ्या मुलाला आधी ‘डोळा’ करा. हात न लावता, नुसतं बोलून काम करवून घेणं हे त्याला शिकायचं असतं. गप्प राहणारी मुलं मात्र एखाद्या बोलक्या गटात विखरून टाकू नका. तीन-चार गप्प मुलांचा एक गट करा आणि त्यांना जास्त वेळ द्या. बोलायला दुसरं कुणी नाही म्हटल्यावर त्यांच्यातलंच एकजण बोलू लागतं.

गट चौघांचाच का, असं विचाराल. दोघांत एक जण मालक होतो. पाच-सहा झाले की एखादा सरकत सरकत खिडकीपाशी जातो. तिघे चालतात. 25 मुलांचे सहा गट होतात, एकात एक मूल जास्त. दिवसाला दोन गट, प्रत्येकी 15 ते 20 मिनिटं, म्हणजे तीन दिवसांत सर्वांचा नंबर लागतो. बाकीची मुलं तोवर ठोकळे, चित्रं, भातुकली यांत असतात. मदतनीस ताईंना फोनच्या गटाजवळ बसवू नका. त्यांना बाकीच्यांत ठेवा आणि गटाजवळ तुम्ही स्वतः बसा.

तिसऱ्या दिवशी फोटो क्रमाने लावून त्यांना मुलांचा आवाज द्यायचा. एकेका फोटोला एकेक वाक्य, त्यांच्याच बोलीत. “मग आमी शिंगं खुपसली, एक मोडलं” हे वाक्य सुधारायला जाऊ नका.

आवाजावरून दुसरं काम सुचवते. रेकॉर्डर घेऊन गट आवारात फिरतो आणि एक आवाज पकडून आणतो: म्हशीचं रेकणं, बोअरचा पंप, देवळातली घंटा, पत्र्यावरचा पाऊस. दुसऱ्या गटाने ओळखायचं. यात गंमत अशी, की रेकॉर्डिंग चालू असताना चौघांनाही गप्प राहावं लागतं. एक जरी हसला तरी आवाज बिघडतो. मोठ्याने ‘शांत बसा’ म्हणून जे साधत नाही, ते इथे मुलं एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून साधतात. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं काही गावांत वर्गात बसू लागतात. गडहिंग्लज, चंदगडकडे घरी कानडी बोलणारी मुलं असतात. त्यांना पहिल्या आठवड्यातच रेकॉर्डर द्या. त्यांच्या घरची एखादी हाक, आजीचं एखादं गाणं आईच्या मदतीने भरून आणलं, की सगळ्या वर्गाचे कान त्या मुलाकडे लागतात. त्या दिवशी गटात त्याला घ्यायला भांडणं होतात.

टीव्हीबद्दल थोडक्यात. बऱ्याच अंगणवाड्यांना स्मार्ट टीव्ही मिळाले आहेत आणि त्यांवर दिवसभर बडबडगीतं चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं, की 3-4 वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, आणि कमी असेल तितका चांगला. तो तास बहुतेक मुलांचा घरी जेवतानाच संपलेला असतो. वर्गातला टीव्ही मुलांचे स्वतःचे 5 फोटो मोठे करून दाखवायला ठेवा. गट पुढे उभा राहून सांगतो, बाकीचे विचारतात. दहा मिनिटं होतात, टीव्ही बंद. बडबडगीतं तुम्ही स्वतः म्हणा. तुमचा आवाज कसाही असला तरी मुलांना तोच हवा असतो.

आता एक गोष्ट जिच्यात मी तडजोड करणार नाही. मुलांनी माणसाचा फोटो काढायचा असेल, तर आधी विचारायचं: “काढू का?” समोरचा नको म्हणाला तर फोन खाली. हे चार वर्षांच्या मुलाला सहज जमतं, आपल्यालाच जमत नाही. आपण वर्गातल्या मुलांचे फोटो न विचारता काढतो, पालकांच्या गटावर टाकतो, स्टेटसला ठेवतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा मुद्दा स्पष्ट केला आहे. जूनमधल्या पहिल्या पालकसभेतच साधा कागद वाचून दाखवा: मुलांचे फोटो कशासाठी काढू, कुठे ठेवू, कुणाला दाखवू, कधी पुसू. सही घ्या. नाही म्हणणाऱ्या पालकांच्या मुलाला गटातून वगळू नका. ते फोटो काढेल, बैलाचे फोटो तर सगळ्यांचेच आहेत. गटावर पाठवायचंच असेल तर मुलांच्या हातांचे, त्यांच्या कामाचे पाठवा, चेहरे नकोत. त्याच सभेत पालकांना एक काम द्या. आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसून घरातल्या एखाद्या कामाचे तीन फोटो काढायचे. भाकरी कशी होते, गाईची धार कशी काढतात, आजोबा चप्पल कशी शिवतात. फोन मुलाच्या हाती देऊन स्वतः स्वयंपाकघरात निघून जायचं नाही.

शेवटचं काम शनिवारचं. आठवड्याचे फोटो साठलेले असतात, त्यांतले बरेच कुणाच्या गुडघ्याचे आणि फरशीचे. ते तुम्ही घरी बसून पुसू नका. गटाला बसवा आणि ठेवायचे 5 निवडू द्या. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न: हा का ठेवायचा? “ह्यात माझं बोट आलंय म्हणून” हेही कारण चालतं, तिघांना पटलं तर. पुसण्याचं बटण दाबण्याआधी चौघांनीही ‘पुसू’ म्हणायचं. एक जरी नको म्हणाला तर तो फोटो पुढच्या शनिवारपर्यंत राहतो. पुढच्या शनिवारी बहुधा नको म्हणणाराच बटण दाबायला हात पुढे करतो.